आमच्या घरात कोणी गात नाही

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या १९८१ च्या दहावीच्या मंडळींनो,

शेवटची रांग तुम्ही अजून सोडलेली नाही हे पाहून बरं वाटलं.

संयोजकांनी मला फोनवर विचारलं, "ताई, पत्रिकेत विषय काय छापू?" मी म्हटलं, "जगभरच्या संगीताचा अभ्यास कसा करतात, त्यातल्या मूलभूत संकल्पना." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "ताई, दीड वाजता जेवण आहे." तेव्हा मी मोठ्या गोष्टीची सुरुवात आपल्या शाळेतल्या एका छोट्या कागदापासून करते.

आठवीत असताना, जून महिन्यात, आम्हाला एक छापील कागद भरायला दिला होता. समूहगीताच्या चमूसाठी मुलं निवडायची होती. नाव, तुकडी, पत्ता, आणि खाली एक प्रश्न: घरात कोणी गाते का? मी शाईच्या पेनाने लिहिलं, "नाही."

त्या दिवशी आमच्या घरी माझी आजी हळद घातलेलं दूध पीत होती, कारण तिचा आवाज पार बसला होता. वैशाखात आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीला तिने आमच्या गावात आणि खाडीकाठच्या आजूबाजूच्या गावांत इतकी लग्नं लावली होती की बोलायलासुद्धा तिला कष्ट पडत होते. माझी आजी धवलारीण होती. इथे काल्हेर, कशेळी, कोन, पिंपळास, खारबावची जी मंडळी बसली आहेत त्यांना धवलारीण म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आमच्या आगरी-कोळी समाजात लग्नविधी गाण्यांतून पुढे नेणारी बाई असते. देवांना बोलावणं, हळद, मांडव, प्रत्येक वेळचा धवला वेगळा. आमच्याकडे ती धवला सुरू करेपर्यंत कोणी हळदीला हात लावत नसे.

मग मी "नाही" का लिहिलं? आज तुम्ही म्हणाल, लाज वाटली असेल. थोडी वाटत होतीच. पण खरं सांगते, त्या क्षणी मी खोटं लिहिते आहे असं मला वाटलं नाही. आमच्या घरात कोणी 'गात' नव्हतं. आजी लग्न लावायची. घरातले म्हणायचे, "ती लगीन लावाला गेली." ती गायला गेली, असं मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

या विषयातली पहिली आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या कागदात आली. संगीत म्हणजे काय हे आधीच ठरलेलं नसतं. ज्या त्या समाजाने ते ठरवलेलं असतं. शाळेत आपल्याला शिकवलं की गायन, वादन आणि नृत्य मिळून संगीत होतं. ही व्याख्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर'मधली, तेराव्या शतकातली, आपल्याच देवगिरीला यादवांच्या आश्रयाने लिहिलेली. व्याख्या थोर आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत या सगळ्याला मिळून स्वतःचा असा एक शब्दच नव्हता. पूर्व आफ्रिकेत 'न्गोमा' म्हणजे ढोलही, नाचही आणि तो सगळा समारंभही. तिथल्या माणसाला तुम्ही "यातलं संगीत कुठलं?" असं विचारलंत तर तो गोंधळून जाईल. आमची आजीही गेली असती.

लांब कशाला जायचं? आपल्या मराठीतली क्रियापदं बघा. भजन आपण करतो. गोंधळ घालतो. ओवी म्हणतो. गरबा खेळतो. माझ्या बाकावरची मैत्रीण पद्मशाली होती, पद्मानगरला राहायची. नवरात्रात तिच्याकडे बायका फुलांची बतुकम्मा मधे ठेवून टाळ्या वाजवत फेर धरायच्या. तेलुगूतही तिथे 'खेळणे' या अर्थाचंच क्रियापद येतं. आपल्या गावात पहाट होते ती अजानने. परक्या माणसाला तिच्यात सूर ऐकू येतील, चढउतार ऐकू येतील. पण तिला कोणी गाणं म्हणणार नाही. कुराणाची तिलावत होते, नात पढली जाते, आणि कव्वालसुद्धा आपलं काम सांगताना पुष्कळदा 'पढतो' असंच म्हणतात. क्रियापद बदललं की समजावं, त्या लोकांच्या मनात ती वस्तूच निराळी आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगायची, गावात गेलात की टेपरेकॉर्डर नंतर काढा, आधी वहीत क्रियापदं लिहा.

अमेरिकेत ॲलन मेरियम नावाचे अभ्यासक होऊन गेले. त्यांचं 'द अँथ्रॉपॉलॉजी ऑफ म्युझिक' हे पुस्तक १९६४ मध्ये आलं. त्यांनी संगीताचे तीन थर सांगितले. मी ते आपल्या भिवंडीच्या इमारतीसारखे समजून घेते: खाली माग, वर माणसं. अगदी तळाला ऐकू येतो तो नाद. त्याच्या वर माणसांचं वागणं, म्हणजे कोण गातं, कोण ऐकतं, कुठे बसतं, पैसे कोण देतं. आणि सगळ्यात वर त्यांच्या मनातल्या कल्पना, म्हणजे हे कशासाठी, चांगलं कशाला म्हणायचं, कोणाला याचा अधिकार. आपण बाहेरचे लोक तळमजल्यावर उभे राहतो, खटखट ऐकतो आणि निघून जातो. वर घर आहे हे आपल्याला कळतच नाही.

मेरियमनी काँगोतल्या बसोंगे लोकांबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. तिथे वादकांना लोक आळशी म्हणत, दारुडे म्हणत, आपल्या मुलाने वादक व्हावं असं कोणाला वाटत नसे. आणि वादकाशिवाय गाव ही कल्पनाही कोणाला सहन होत नसे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आपल्याकडच्या तमासगिरांचं, वाजंत्र्यांचं काय वेगळं आहे? मांडवात त्यांना पहिलं बोलावायचं आणि पंगतीत शेवटी बसवायचं.

आता पेटीची गोष्ट. त्या कागदावर मी "नाही" लिहिलं तरी चमूच्या निवडीला गेले होते, कारण तो तास गणिताचा होता. मला काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून आजीची एक चाल गुणगुणले. पेटीवर जे शिक्षक होते त्यांनी एक पट्टी दाबली, मग शेजारची काळी दाबली, पुन्हा पहिली दाबली, आणि म्हणाले, "हा सूर पेटीत नाही. तू बेसूर आहेस." ते प्रेमळ होते, त्यांचा दोष नव्हता. पण मी त्यानंतर चाळीशी येईपर्यंत चारचौघांत तोंड उघडलं नाही.

पुढे कळलं, की सूर पेटीत नाही हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. १८८५ मध्ये अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने देशोदेशींच्या वाद्यांचे सूर मोजले. त्यासाठी त्याने सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग पाडले. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर भागांचं अंतर. आणि मोजल्यावर त्याला असं दिसलं की निसर्गाने नेमून दिलेली एकच सप्तकरचना कुठेच नाही. लोकांनी आपापली बसवलेली आहे. आजीचा सूर त्या शंभर भागांच्या मधे कुठेतरी होता. तिच्या हिशेबाने तो पक्का होता. शेजारणीचा जरा हलला तर ती भुवई उंचावायची. जाता जाता सांगते, आकाशवाणीने हीच पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत बंद ठेवली होती. एक आक्षेप हाच होता, की दोन सुरांमधली जागा तिला दाखवता येत नाही. म्हणजे पेटीलाही कोणीतरी बेसूर म्हणालं होतं. मला ते वाचून जरा समाधान झालं, लपवत नाही.

ऐकणं ही शिकलेली गोष्ट आहे. आमच्या वर्गातल्या एका मित्राचं घर मागांच्या शेडला लागून होतं. तो सांगायचा, रात्रपाळीच्या खटखटाटात घरातली सगळी गाढ झोपायची, आणि लाइट गेली की दचकून जागी व्हायची. पाहुण्याला जो गोंगाट होता, ती त्यांची शांतता होती. त्याचे वडील आवाजावरून सांगायचे की कुठल्या मागावर धोटा नीट जात नाही. दक्षिण आफ्रिकेत वेंडा लोकांमध्ये राहिलेले जॉन ब्लॅकिंग म्हणतात की माणसांनी घडवून, रचून काढलेला ध्वनी म्हणजे संगीत. त्या व्याख्येत मागाची खटखट बसत नाही, मान्य. पण त्या माणसाचा कान? तो तर एखाद्या तबलजीच्या कानाइतका तयार होता. ब्लॅकिंगचा खरा प्रश्न वेगळाच होता. वेंडा समाजात गाता येणं हे चालता-बोलता येण्यासारखं सगळ्यांचं, असं धरून चालतात. मग आपण सुधारलेले लोक वर्गातल्या पन्नास पोरांपैकी पाच निवडून बाकीच्यांना गप्प का बसवतो? हा प्रश्न मी आज इथे उपस्थित असलेल्या कोणालाही उद्देशून विचारत नाही.

वाद्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यात आपला हात मोठा आहे. तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, चामड्याने मढवलेली आणि टाळ-झांजांसारखी घन वाद्यं, हे चार वर्ग नाट्यशास्त्रातले. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी भारतीय वाद्यांचा संग्रह ब्रुसेल्सला पाठवला. तिथले संग्रहालयप्रमुख माहियों यांनी याच धर्तीची चौकट वापरली, आणि तिच्यावरून १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी जगातल्या सगळ्या वाद्यांसाठी वर्गीकरण बनवलं. आजही जगभरच्या संग्रहालयांत ते चालतं. आपल्या तालुक्याच्या वरच्या अंगाला, वाडा-जव्हारकडे, वारली लोकांचा तारपा आहे: वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. या चौकटीत तो फुंकवाद्यांच्या रांगेत नीट बसतो. पण तारपा भातकापणीनंतरच्या दिवसांत वाजतो, वाजवणारा मधे असतो आणि त्याने चाल बदलली की फेराची पावलं बदलतात, हे त्या रांगेत कुठे लिहायचं? कप्पे हवेतच. कप्प्यात वस्तू ठेवली की ती समजली, असं मात्र नाही.

आणि आपल्या हळदीतला बेंजो! माझ्या भावाच्या हळदीला बेंजो पार्टी होती. अख्खा गाव नाचला. गावातले म्हातारे म्हणाले, "हाच आपला जुना वाजा." मंडळी, ते वाद्य जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून तायशोगोतो नावाचं तंतुवाद्य बनवलं. ते आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, मग त्याला विजेची जोड मिळाली आणि ते आगरी-कोळी लग्नाचा जीव होऊन बसलं. गंमत म्हणजे त्याच नागोयाच्या परिसरात साकिची तोयोदांचे स्वयंचलित माग तयार झाले. बेंजोचं आणि त्या मागांचं माहेर असं एकाच गावच्या आसपास निघालं. म्हणून मला कोणी "अस्सल" आणि "भेसळ" असे शब्द ऐकवले की मी बेंजोची जन्मकथा सांगते. ज्यांनी ते नाचून आपलं केलं, त्यांचं ते आहे.

या विषयाला इंग्रजीत एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणतात. हे नाव याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने १९५० मध्ये रूढ केलं. पण हे सगळं परदेशातून आलं असं समजू नका. मराठीत डॉ. अशोक दा. रानडे यांचं 'लोकसंगीतशास्त्र' १९७५ मध्येच प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे मी तो कागद भरला त्याच्या आधी. रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि या सगळ्यांच्या मिसळणीतून होणारं संगम-संगीत, अशा कोटी त्यांनी मांडल्या. 'आदिम' हा शब्द मला अजून खटकतो. तरी केवळ शास्त्रीय तेवढं संगीत आणि बाकी सगळी करमणूक, ही आपली सवय त्या मांडणीने मोडली. पुण्यात गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या म्हणणाऱ्या कितीतरी बायकांनी त्याआधी सांगितलं असेल, "छे, आम्हाला कुठं गाणं येतं?"

मी कॉलेजात मराठी साहित्याचा इतिहास शिकले तेव्हा महदंबेचे धवळे अभ्यासाला होते. आद्य मराठी कवयित्री, तेरावं शतक, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी तिने ते रचून म्हटले. मी त्यावर दहा गुणांचं उत्तर पाठ केलं. धवळे म्हणजे लग्नगीते, हे दोनदा अधोरेखित केलं. आणि हा आपल्याच घरातला शब्द आहे, सातशे वर्षं तो तोंडातोंडी चालत आमच्या ओटीवर येऊन बसला आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे 'ळ'चा 'ल' होतो. एवढ्याशा 'ल'ने मला चकवलं.

ते लक्षात आलं १९९३ मध्ये. तेव्हा मी पुण्यात समाजशास्त्र शिकवत होते. कोणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला, एक साठ मिनिटांची कॅसेट घेतली आणि गावी आले. आजीला म्हटलं, "धवले म्हण, मला भरून घ्यायचे आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "लगीन नाय, हलद नाय, न मी धवला कोनाचा म्हनू?"

मेरियमचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं आणि त्यातला सगळ्यात वरचा मजला माझ्यासमोर ओट्यावर सुपारी कातरत होता. मी समजावलं, विनवण्या केल्या, हे अभ्यासासाठी आहे म्हटलं. ती नाहीच म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तुजा लगीन कुठं लागलाय अजून?"

मी दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं, जातीबाहेर. घरचे आले होते. रुसवा होता, पण आले होते. आजी आली नव्हती. तिच्या हिशेबाने कचेरीत सह्या झाल्या होत्या, लग्न झालं नव्हतं. तिने आईला हळद भिजवायला सांगितली. मला पाटावर बसवलं. माझे यजमान पुण्यात वर्गावर शिकवत होते. त्यांच्या वाटची एक सुपारी शेजारच्या पाटावर ठेवली. आणि तिने देवांना बोलावण्यापासून सुरुवात केली.

त्यात ती माझं नाव घेते, माझ्या यजमानांचं नाव घेते, आमच्या मेलेल्या आजोबांना मांडवात बोलावते. क्षेत्रकार्य करायला आलेली अभ्यासक हळदीने माखून पाटावर बसली होती आणि रडत होती. कॅसेट उलटायचं भान आईला होतं म्हणून ती भरली गेली. निरीक्षकाने आत किती जावं, बाहेर किती राहावं, यावर या विषयात मोठा वाद आहे. मँटल हूड नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६० मध्ये सांगितलं की दुसऱ्यांचं संगीत समजायचं तर ते स्वतः वाजवायला शिका, दोन भाषा येतात तशी दोन संगीतं येऊ द्या. माझा प्रश्न उलटा होता. मला दुसरी भाषा आली होती, पहिली मी हरवली होती.

आजी १९९६ मध्ये गेली. पुढे एका ध्वनिसंग्रहाने ती कॅसेट मागितली. त्यांनी रीतसर पत्र पाठवलं. मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. ते माझं लग्न आहे. 'ठाणे जिल्हा, आगरी, लग्नगीत, गायिका अमुक' अशा चिठ्ठीखाली ते कसं ठेवायचं? आणि आजीला विचारलं होतं का, की हे परके लोक ऐकतील? विचारलं नव्हतं. शेवटी मी प्रत दिली, पण ऐकू देण्याआधी घरच्यांना विचारावं अशी अट घालून. अजून कोणी विचारायला आलेलं नाही. माझ्या भाचीच्या हळदीला मात्र दोन वर्षांपूर्वी डीजे थांबवून दहा मिनिटं ती लावली. पोरं उभीच राहिली. मग एक म्हातारी मधे आली, आणि जिथे आजी श्वास घेते तिथे ओळ तिने उचलली.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. त्यातला शेवटचा तुकडा आज तुम्हाला ऐकवते, घरी विचारून आणला आहे. एक सांगायचं राहिलं. दुसरी बाजू संपली तेव्हा आजीचे धवले संपले नव्हते. माझ्याकडे दुसरी कॅसेट नव्हती. मी हाताने खूण केली, की थांब. तिने बघितलं आणि म्हणत राहिली, लग्न अर्धं कसं सोडणार? पुढचं जवळजवळ पाऊण तास चाललं. ते कुठेच नाही. तेव्हा ऐकताना शेवटी खट्ट असा आवाज येईल. स्पीकर बिघडला असं समजू नका, कॅसेट तिथे संपली आहे.

(यानंतर ध्वनिफीत ऐकवण्यात आली.)